केसांच्या टोपातली माणसं आणि सुकलाल नाना

नाना, तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले आणि मी अजून मोठ्यानंच बोलते आहे. वर्गात मागच्या बाकावरची मुलं दचकून वर बघतात. काल शहाद्याच्या बाजारात भाजीवाली म्हणाली, "काय व ताई, तुले राग उना का?" तिला काय सांगणार, की एका माणसाच्या उजव्या कानाशी दोन वर्षं ओरडून माझा गळाच तसा घडला आहे.

तुमच्याबद्दल जे बोलायचं ते लोक अंगणातल्या खुर्च्यांवर बसून बोलून गेले. किती वर्षं बँडचे मास्तर होतात, कुठे कुठे वाजवलंत, कुणाच्या लग्नात कोण रडलं. मी एका कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि वाटत होतं, नाना इथे असते तर कंटाळले असते. पुस्तक वाचतानाही जन्म कुठे, शिक्षण कुठे असली पानं आली की तुम्ही हात हलवायचात. पुढचं वाच. त्यानं केलं काय ते वाच.

तर आपली ओळख भांडणातून झाली, तिथूनच वाचते.

मला लोणखेड्याच्या कॉलेजात गणित शिकवायला लागून दोनच वर्षं झाली होती. तुमची तालमीची पत्र्याची शेड आमच्या घराच्या मागे, मध्ये केळीच्या बागेचा एक चिंचोळा पट्टा. मी परीक्षेचे पेपर तपासत होते आणि पलीकडून एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. चुकायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. शेवटी मी गठ्ठा तसाच टाकून तावातावानं तुमच्याकडे आले. तुम्ही क्लॅरिनेट तोंडातून काढून मांडीवर ठेवलं आणि माझं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग विचारलंत, तुला इंग्रजी वाचता येतं का.

हो म्हटल्यावर तुम्ही क्लॅरिनेटची पेटी उघडली आणि तळातून एक जाडजूड पुस्तक काढलं. कोपरे कुरतडलेले, पाठ सुटलेली. इंदूरच्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानातून तुम्ही ते क्लॅरिनेट घेतलंत तेव्हा पेटीत हे पुस्तकही निघालं होतं. तेव्हापासून तुम्ही त्यातली चित्रंच बघत होतात. प्रत्येक चित्रात पांढऱ्या केसांचा टोप घातलेला एकेक गंभीर माणूस.

"ह्या कोर्टना जज शेतस का?" तुम्ही विचारलंत.

मी हसले, मग चार पानं चाळली आणि माझंच हसणं थांबलं. सांगितलं की हे जज नाहीत, युरोपातले मोठे संगीतकार आहेत. हे स्वतःच्या चाली रचायचे, कागदावर लिहून ठेवायचे आणि दोन-तीनशे वर्षांनंतर त्या अजून वाजतात. तुम्ही पुस्तकावरून हात फिरवलात. इतकी वर्षं आपल्या पेटीत कोण बसलं होतं ते तुम्हाला त्या क्षणी कळलं. तुम्ही म्हणालात, तुझे पेपर होईपर्यंत तालीम बंद, पण रविवारी येऊन हे वाचून दाखवायचं.

असा आपला रविवार सुरू झाला. मी एक परिच्छेद मनात वाचायचे आणि मग आपल्या अर्ध्या मराठी अर्ध्या अहिराणीत सांगायचे. नानी चहा ठेवून जायच्या, पण दाराआड उभ्या राहून ऐकायच्या. तुमचा ट्रम्पेटवाला भिका, जो एरवी शहादा स्टँडवर रिक्षा चालवतो, उंबऱ्यात बसायचा. एखाद्याची गोष्ट झाली की मी मोबाईलवर त्याची चाल लावायचे आणि आवाज वाढावा म्हणून तुम्ही तो मोबाईल पितळी तांब्यात उभा करायचात. चौघं जण त्या तांब्याभोवती डोकी जुळवून बसायचो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं की विहिरीत काही पडलंय.

त्यांची नावं तुमच्या जिभेवर बसेनात. तुम्ही सरळ आपली नावं ठेवलीत. जो कानांनी गेला तो बहिरा. पाच-सहा वर्षांचा असतानाच चाली रचायला लागला तो लहानगा. वीस मुलांचा बाप होता तो बाप. तो बाप तरुणपणी एका म्हाताऱ्या वादकाला ऐकण्यासाठी दुसऱ्या शहरापर्यंत पायी गेला, चार आठवड्यांची रजा काढली आणि चार महिने तिकडेच राहिला, हे ऐकल्यावर भिका तुमच्याकडे आशेनं बघायला लागला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत.

गोष्ट संपली की तुम्ही एक बोट वर करायचात. "आते याम्हाईन काय लेवानं?" यातून आपण काय घ्यायचं. आणि तुम्ही काहीतरी काढायचातच. बापाकडून काय, तर चांगलं वाजवणारा ऐकू आला की पाय उचलायचे, हिशेब करत बसायचं नाही. मला हे आवडत नसे, आठवतं ना? मी म्हणायचे, नाना, ह्या माणसांनी चाली दिल्या, शिकवण दिली नाही. चाल ऐकावी आणि गप्प बसावं. तुम्ही म्हणायचात की चाल त्यांची, ती आपल्याला कुठून यायला. पण त्यांची एखादी खोड उचलली तर तेवढी तरी आपली होईल. हा वाद आपण शेवटपर्यंत संपवला नाही. मी अजून माझ्याच बाजूला आहे, एवढं कबूल करून पुढे जाते, कारण पुढे जे आहे त्यात माझी बाजू लंगडी पडते.

तुम्हाला सगळ्यांत जवळचा वाटला तो राजवाड्यातला. कारण तो एका वाद्यमेळाचा मास्तर होता, मालक नव्हता, आणि हाताखालची माणसं त्याला बाबा म्हणायची. त्याचा राजा सगळ्या वादकांना उन्हाळ्याच्या वाड्यावर घेऊन गेला आणि मोसम संपला तरी सोडेना. वादक घरच्या ओढीनं कासावीस झाले. राजाला तोंडावर कोण सांगणार? मग ह्या बाबानं एक रचना केली, जिच्या शेवटी एकेक वादक वाजवणं थांबवतो, आपली मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. अखेर दोनच जण उरतात. राजा समजला आणि दुसऱ्या दिवशी सगळे घरी निघाले. ही गोष्ट तुम्ही मला दोनदा सांगायला लावलीत. यातून काय घ्यायचं, ते मात्र त्या रविवारी बोलला नाहीत.

ते मला पुढच्याच आठवड्यात दिसलं. तापीकाठच्या गावात आमच्या गुजर समाजातलंच लग्न होतं, माझ्या लांबच्या नात्यातलं, आणि बँड तुमचा. चैत्रातली दुपार. मिरवणूक एका चौकात अडकली ती हलेना. नवरदेवाचे मित्र नाचत होते आणि एक गाणं संपलं की दुसरं मागत होते. सकाळपासून तुमच्या माणसांना कुणी पाणी विचारलं नव्हतं. भिका दोनदा जाऊन सांगून आला आणि दोन्ही वेळा उत्तर आलं, हे एकच अजून. मी बायकांच्या घोळक्यातून बघत होते. तुम्ही वाजवता वाजवताच मान वळवून ढोलवाल्याला काहीतरी खूण केलीत.

ढोल थांबला. ढोलवाल्यानं पट्टा खांद्यावरून काढला आणि तो शांतपणे लिंबाखाली जाऊन बसला. लोकांना वाटलं, थकला असेल. मग साईड ड्रम गेला. मग मोठा बाजा. एकेक जण आपलं वाद्य पुसायचा आणि सावलीत जायचा, आणि नाचणाऱ्यांचे पाय हळूहळू गोंधळायला लागले. भिका गेला. आता त्या रखरखीत चौकात फक्त तुम्ही आणि घोड्यावरचा नवरदेव. तुम्ही डोळे मिटून एकटेच वाजवत होतात. त्या गर्दीत तुम्ही काय करता आहात हे फक्त मला कळत होतं, आणि ते मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखं तिथे कुणीही नव्हतं. मग तुम्हीही थांबलात. क्लॅरिनेट काखेत घेतलंत आणि सावलीत गेलात.

नवरदेवाचे आजोबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खाली उतरले. चालत लिंबापर्यंत गेले, तुमच्या हाताला धरून उठवलं आणि सगळ्या बँडला मांडवात नेऊन पहिल्या पंगतीला बसवलं. वरातीच्या आधी. जेवणाच्या पानावरून तुम्ही मला शोधलंत आणि एक बोट वर केलंत. मी त्या दिवशी हरले होते.

आता जे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही ते.

नानी गेल्या तेव्हा तुम्ही गुजरातेत लग्न वाजवत होतात. बँडच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. तुम्ही पोहोचलात तेव्हा सगळं उरकलं होतं. उन्हाचे दिवस, थांबता येईना, मोजकी माणसं होती. तुम्ही कुणाला बोल लावला नाही, रडलाही नाहीत. पंधरा दिवस शेडचं दार बंद. मग एका रविवारी भिका येऊन म्हणाला, नानानं पुस्तक घेऊन बोलावलंय.

मी पुस्तक उघडलं आणि पुढचं पान निघालं लहानग्याच्या मरणाचं. त्यात लिहिलं होतं की त्याला गावाबाहेर नेऊन पुरलं, खड्ड्यापर्यंत जवळचं कुणी गेलं नाही, बायकोही नव्हती, आणि नेमकी जागा कोणती ते पुढे कुणाला सांगता आलं नाही. मी ते मनात वाचलं. वर बघितलं तर तुम्ही वाट बघत होतात. माझ्या तोंडून निघालं, की सगळं शहर लोटलं होतं, नाना. वाजवणारे पुढे होते. तुम्ही विचारलंत, आणि बायको? मी म्हटलं, शेवटपर्यंत होती.

त्या दिवशी तुम्ही रडलात. बराच वेळ. मग बोट वर न करताच म्हणालात की जो लोकांसाठी वाजवतो त्याच्या घरचं माणूस लोक एकटं जाऊ देत नाहीत, तो स्वतः नसला तरी. आणि मग ही गोष्ट तुम्ही सगळीकडे सांगायला लागलात. बँडमध्ये, चहाच्या टपरीवर, कुणाच्या दहाव्याला. एकदा खोटं बोलले ते परत घ्यायचं कसं हे मला कळेना.

पण त्याच दिवसांत तुमच्यात काहीतरी पेटलं. तुम्ही म्हणालात, ह्या सगळ्यांची स्वतःची चाल होती आणि आपण जन्मभर दुसऱ्याची वाजवली. आता एक तरी आपली करू. भिकाला वाटलं, दुःखानं नाना बहकले. मला मात्र त्या उन्हाळ्याइतके आनंदाचे दिवस आठवत नाहीत. तुम्ही चुलीपुढे शीळ घालायचात, पाटाच्या कडेनं चालताना शीळ घालायचात, एकदा तर शहादा स्टँडवर चालत्या एसटीतून खिडकीतून डोकं काढून मला दोन ओळी ऐकवल्यात, विसराल म्हणून. मी मोबाईलवर बघून बघून ती पाच रेघांची लिपी शिकले. गणिताच्या वहीवर रेघा मारल्या आणि तुम्ही वाजवाल ते ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवलं. पुस्तकातल्या चित्रासारखं दिसायला लागलं तेव्हा तुम्ही वही डोळ्यांपाशी नेली आणि विचारलंत, नाव कुठे?

मी म्हटलं, नाव कशाला, नाना, आपल्याला माहीत आहे की. तुमचा चेहरा उतरला.

"तुन्हं नाव कॉलेजना दारवर शे," तुम्ही म्हणालात. "बँडनी गाडीवर मालकनं नाव शे. मन्हं कोठे शे?"

मी वर लिहिलं: रचना, सुकलाल मास्तर, लोणखेडा.

चाल झाली, पण वाजवायची कुठे? खाली सपाटीवरच्या गावांतल्या लग्नांना ती नको होती. दोन ओळी झाल्या की कुणीतरी ओरडायचं, सिनेमातलं वाजवा. मग माझ्या एका विद्यार्थिनीचं वर डोंगरात धडगावला लग्न ठरलं आणि मी तुमचा बँड सुचवला. दोन जीपांत वाद्यं आणि माणसं कोंबून आपण घाट चढायला लागलो. अर्ध्यावर आपल्या जीपचं पाणी उकळलं. ड्रायव्हर बॉनेट उघडून कपाळाला हात लावून बसला. मागे माणसांनी भरलेल्या वडापच्या चार-पाच जीपा साठल्या, माणसं उतरली, बाया डोक्यावरची ओझी खाली ठेवून दगडांवर टेकल्या. तुम्ही इकडे तिकडे बघितलंत. इतकी माणसं, आणि कुणालाच कुठे जाता येत नाही. तुम्ही पेटी उघडलीत आणि आपली चाल सुरू केलीत.

मी त्या वेळी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून मला आधी कळलं नाही. कळलं ते भिकाच्या नजरेवरून. दोन पोरी उठल्या होत्या, मग त्यांच्या आया, मग म्हातारे, आणि एकमेकांच्या कमरेत हात घालून रस्त्यावरच गोल झाला. त्यांचे पाय चालीत असे पडत होते जसे काही ते ती लहानपणापासून ऐकत आले आहेत. संपली तर म्हणाले, परत. परत वाजवली. पुन्हा परत. कुणीतरी मोबाईल उंच धरून सगळं भरून घेत होतं. पाणी थंड होऊन जीप सुरू झाली तरी ड्रायव्हर बसेना, तोही नाचत होता. तुम्ही घामानं निथळत होतात आणि हसत होतात आणि मला म्हणालात की बहिऱ्याला त्याच्या लोकांनी धरून मागे वळवलं होतं ना, टाळ्या दिसाव्यात म्हणून? मला कुणी वळवायची गरजच नाही, हे तर माझ्या पुढ्यातच आहेत.

त्यानंतरचे दोन मोसम डोंगरात गेलात की ती चाल वाजवायचातच.

पण मला तिथेच घाटात आणखी एक गोष्ट दिसली होती. तुम्ही ढोल ऐकत नव्हतात, ढोलवाल्याचा हात बघत होतात. आयुष्यभर ढोल-ताशांच्या मध्ये उभं राहून कान गेले होते. मग हळूहळू मी एक विचारायचे आणि तुम्ही दुसरंच सांगायचात. मी कानाच्या मशीनचं काढलं की तुम्ही बहिऱ्याचं नाव पुढे करायचात. त्याला कुठे मशीन होतं? काही ऐकू न येता त्यानं सगळ्यांत मोठं काम केलं. तुमच्या त्या शिकवणीचा मला एवढा राग कधी आला नव्हता. मी पुस्तकातलं पान काढून ओरडून वाचलं, की त्या बहिऱ्यानं कानाला लावायचे पत्र्याचे कर्णे करून घेतले होते, नाना, एक नाही, अनेक. मशीन मिळतं तर त्यानं पहिलं घेतलं असतं. तुम्ही पुस्तक माझ्या हातातून घेतलंत, मिटलंत आणि म्हणालात की हे तू मनाचं सांगतेस.

मी तीन महिने आले नाही. खरं सांगू, रागानं नाही. मला भीती वाटली, की लहानग्याचं ते खोटं यांना कळलंय.

शेवटी एका रविवारी मीच आले. तुम्ही खाटेवर बसून क्लॅरिनेटचं रीड घासत होतात. मी समोर बसले आणि तुमच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. लहानग्याच्या मागे शहर लोटलं नव्हतं. बायको नव्हती. मी बनवून सांगितलं. केळीच्या पलीकडे माझ्या आईलासुद्धा ते ऐकू गेलं असेल, इतक्या मोठ्यानं मला माझं खोटं सांगावं लागलं.

तुम्ही रीड खाली ठेवलंत. म्हणालात, ठाऊक आहे. सुरतेहून नात आली होती दिवाळीत, ती इंग्रजी शाळेत आहे. तिनं ते पान वाचून दाखवलं होतं.

"तवय तू मन्हासाठे खोटं बोलनी," तुम्ही म्हणालात. "आते हाई मशीननं कोनासाठे बोली ऱ्हायनी?"

मी म्हटलं, हे खरं आहे, आणि हे माझ्यासाठी आहे. मला तुमच्याशी हळू आवाजात बोलायचं आहे. अख्ख्या लोणखेड्याला ऐकवून ऐकवून मी थकले.

तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की भिका धावत आला. आणि दुसऱ्याच सोमवारी त्याच्याच रिक्षात आपण नंदुरबारला कानाच्या डॉक्टरकडे गेलो.

मशीन लावून झालेली पहिली तालीम मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही आधी पत्र्यावरच्या चिमण्या ऐकल्यात. मग माझी बांगडी. मग म्हणालात, चला, आपली चाल. चौथ्याच ओळीला तुम्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलंत आणि भिकाला विचारलंत की हा सूर तू कुठून आणलास. भिका गडबडला. तो म्हणाला, नाना, मी पहिल्यापासून हाच लावतोय, दोन वर्षं झाली, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून वाटलं तुम्हाला हाच पाहिजे. तुम्ही त्याला तो सूर एकटा वाजवायला लावलात. मग तुमच्या बरोबर. मग पुन्हा एकदा. मग म्हणालात, ऱ्हावू दे, हा माझ्यापेक्षा बरा आहे. आणि मला वहीत खोडून तो लिहायला लावलंत.

मी म्हटलं, मग वर भिकाचंही नाव घालू? तुम्ही विचार केलात. बराच केलात. म्हणालात, लहान अक्षरांत.

असे चार महिने मिळाले आपल्याला. मी हळू बोलायला शिकत होते आणि ते पुरतं जमायच्या आधीच तुम्ही एका दुपारी जेवून शेडमधल्या खाटेवर आडवे झालात ते उठलाच नाहीत. मशीन काढून डबीत नीट ठेवलं होतं. नाना, तुमच्या अंत्ययात्रेला किती माणसं होती ते मी सांगणार नाही. माझ्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नातीला विचारा. एवढंच सांगते की ह्या वेळी मला काही बनवावं लागलं नाही.

राग येतो तो एकाच गोष्टीचा. पुस्तकातली शेवटची साठ पानं राहिली. मी ते तीन महिने यायची थांबले नसते तर ती झाली असती. हे मी तुमच्यापुढे कधी बोलले नाही. तुम्हीही कधी काढलं नाहीत, आणि त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. तेही राहिलं.

आता परवाचं सांगते.

धडगावच्याही पुढच्या एका पाड्यावरचं लग्न तुम्ही घेऊन ठेवलं होतं. शब्द दिलेला. तुमचा मुलगा सुरतेहून आलेला होता, तो भिकाला म्हणाला, जा, नाना असते तर गेलेच असते. क्लॅरिनेट वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून भिकानं तुमची ओळ ट्रम्पेटवर बसवली. मी कॉलेजात रजा टाकली आणि त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसले. का, ते मला कुणी विचारलं नाही.

पाड्याच्या अलीकडे जीप थांबली. चढणीवरून बायका सामोऱ्या आल्या, गात. आम्ही वाद्यं उतरवत होतो. भिकानं एकदम माझा दंड धरला, दुखेल इतका घट्ट. मला आधी शब्दच ऐकू येत होते, त्यांच्या पावरी बोलीतले, मला न कळणारे. मग शब्दांच्या खालून चाल वर आली. तुमची चाल, नाना. शीळ घालत केलेली, एसटीच्या खिडकीतून ऐकवलेली. त्यांनी तिच्यावर आपले शब्द चढवले होते आणि पंधरा-वीस बाया ती अशा सहज गात येत होत्या, जशी रोजचीच वाट. माझे पाय तिथेच थांबले. मला हसूही येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं, आणि हे तुम्हाला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं असं वाटून मी खरोखर मागे वळून जीपकडे बघितलं.

भिकानं माणसांना खूण केली आणि बँड त्यांच्यात मिसळला. पहिल्या दोन ओळी एकत्र झाल्या. मग आमचे लोक पहिल्या ओळीवर परतले, आणि त्या बाया परतल्या नाहीत. त्या वर गेल्या. मध्ये एक नवीनच भाग होता, चढणीसारखा वर वर जाणारा, आणि मग एका झोकात खाली. ट्रम्पेट एकटं पडलं. बाया हसल्या. त्यांच्यात सगळ्यांत पुढे नवरीची आजी होती, तिनं हातानं थांबवलं आणि तो भाग एकटीनं गाऊन दाखवला. भिकानं उचलला. चुकला. तिनं पुन्हा दाखवला. भर उन्हात, लग्नाच्या वाटेवर, तुमच्या बँडनं तुमचीच चाल तिच्याकडून शिकून घेतली. मी पर्समधली पावती काढून तिच्या मागच्या बाजूला रेघा ओढल्या आणि ठिपके उतरवले.

मग भिकानं नवरीच्या भावाला, जो शहाद्याला शिकलेला होता, आजीला विचारायला सांगितलं की हे गाणं कुणाचं. आजीला प्रश्नच नवलाचा वाटला. भावानं तिचं उत्तर मराठीत सांगितलं: आमचंच आहे, पहिल्यापासूनचं.

तुम्हाला नाव हवं होतं. मला नाव लागत नव्हतं. त्या घडीला मला खरंच कळेना की आपल्या दोघांत कोण जिंकलं. बोलला तो भिका.

"नही, मावशी," तो म्हणाला. "हाई आम्हना नानानी चाल शे."

भावानं तिला समजावून सांगितलं. आजीनं भिकाकडे निरखून बघितलं, मग एकेका वादकाकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ काहीतरी बोलली. भाऊ हसत म्हणाला, आजी विचारते की नाना ह्या जीपमध्ये आहेत का. नसतील तर पुढच्या खेपेला नक्की आणा. चाल चांगली आहे, पण त्यांना मधला भाग आला नाही. तो आजी त्यांना शिकवेल.

भिकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"लई येसू," घेऊन येईन असं तो आजीला म्हणाला, आणि त्यानं ट्रम्पेट तोंडाला लावलं.